माळ आणि मार



संमेलनाच्या अध्यक्षानं बोलीच्या गोडव्यावर बोलावं अशी रीत आहे. झाडीबोलीचा गोडवा ब्रह्मपुरीत येऊन मी काय सांगणार? मी आज एका शब्दाबद्दल बोलणार आहे. खरं तर त्यातल्या एका स्वराबद्दल.

आपल्या बोलीत ळ नाही. डोळ्याचा डोरा होतो, काळ्याचा कारा. त्याच न्यायानं गळ्यातल्या माळेची मार होते. आणि मास्तरांच्या छडीचाही मारच. कागदावर दोन्ही एक झाले. तोंडात झाले का? बोलणाऱ्याला विचाराल तर म्हणेल, झाले. पण जगातल्या काही बोलींत असं दिसलंय की बोलणारा शपथेवर 'एकच' म्हणतो, ऐकणाऱ्यालाही फरक सांगता येत नाही, आणि मोजायला बसलं की फरक निघतो. ळ गेला, र आला. पण जीभ मागे वळवायची जुनी खोड आधीच्या आ मध्ये थोडी उरली असेल का? वर्षभर हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे.

मोजायचं काय, ते सांगतो. नळाखाली घागर भरताना पाणी वर येतं, हवेची जागा कमी होते, आवाज चढतो. घरातली बाई आत न डोकावता नळ बंद करते. तोंड ही तशीच घागर. जीभ, जबडा, ओठ हलले की आतली पोकळी बदलते आणि गळ्यातून आलेल्या आवाजातले काही पट्टे उठून येतात. त्यांना फॉर्मंट म्हणतात. जबडा खाली आला की पहिला वर चढतो, जीभ पुढे सरकली की दुसरा. पुरुषाच्या ई मध्ये पहिला साधारण 300 हर्ट्झला असतो, दुसरा 2,200 च्या आसपास. आणि जीभ मागे वळली की तिसरा खाली उतरतो. माळेचा माग लागलाच तर या तिसऱ्या पट्ट्यात लागेल.

पूर्वी यासाठी मोठी प्रयोगशाळा लागे. पीटरसन आणि बार्नी यांनी 1952 साली 76 माणसांचे इंग्रजी स्वर मोजले, ते बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत. आता अ‍ॅमस्टरडॅमच्या बूर्स्मा आणि वेनिंक यांचं 'प्राट' फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं.

तोच लॅपटॉप घेऊन मी एका आजीच्या ओसरीवर बसलो होतो. पहिल्या खेपेला कोंबडं आलं, दुसऱ्या खेपेला ट्रॅक्टर. तिसऱ्यांदा तिनं 'मार' म्हटलं आणि पडद्यावर काळे आडवे पट्टे उमटले. तिनं मान तिरपी करून पाहिलं. म्हणाली, "हे तं धुऱ्यावानी दिसते." पट्ट्यांच्या या चित्राला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. त्याची याहून चांगली व्याख्या मी तरी वाचलेली नाही. धानाच्या बांधीला जसा धुरा, म्हणजे बांध, तसे स्वराला हे पट्टे. आकडे आज सांगत नाही. एका घरातल्या चार माणसांवरून बोलीचा निकाल लावायचा नसतो.

या बोलीची नोंद तशी जुनी आहे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीचा खंड 1905 साली निघाला, त्यात 'झाडपी' हे नाव आहे. पण नमुने आले सरकारी यंत्रणेमार्फत, लिहून. आणि बहुतेक ठिकाणी तीच ती बायबलातल्या उधळ्या मुलाची गोष्ट. लिहिणाऱ्याच्या लेखणीत नव्हतं ते तिथंच गळालं. पुढे डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी शब्द गोळा केले, बोलीला उभं केलं. शब्द वाचले. स्वर अजून आपण पुण्याच्या मापानंच लिहितो. 1962 च्या लेखननियमांत अंत्य ई दीर्घ, म्हणून आपलं 'पानी'ही दीर्घ. तोंडात ती ई किती मिलिसेकंद टिकते, हे कोणी पाहिलं?

तिकडे पश्चिम जावातल्या सुंदानी भाषेत सात स्वर आहेत. रोमन लिपीत त्यांनी 'ए'च्या अक्षरावर तिरकी रेघ देऊन एक स्वर लिहिला, ते नुसतं ठेवून दुसरा, पुढे 'यू' जोडून तिसरा. लिपीला बोलीपुढे वाकवलं. आपण उलटं करतो आणि त्याला शुद्धलेखन म्हणतो.

नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागड्यांना 1983 साली आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. भेसळ म्हणून त्यांनी त्या उपटून टाकल्या असत्या तर एचएमटी तांदूळ आपल्या ताटात नसता. त्यांनी त्या वेगळ्या राखल्या, पेरल्या, पुन्हा पाहिल्या. कानाला खटकणाऱ्या स्वराचंही असंच करायचं. आधी वेगळा राखायचा.

एक सूचना मात्र हवी. पलीकडे वडशाला नाटक मंडळ्यांचा हंगाम आहे, म्हणून कोणी नटांचे संवाद टिपायला धावू नये. झाडीपट्टीचा नट शेवटचा स्वर मागच्या चटईपर्यंत पोचवायला ताणतो. ती त्याची कला आहे, घरातलं बोलणं नव्हे.

जेवणानंतर मागच्या खोलीत पंखा बंद करून मी बसणार आहे. पन्नाशीच्या वरच्यांनी यावं, नातवंडांनाही आणावं. लिहिलेलं काही वाचायला देणार नाही. माळेचं चित्र दाखवीन, छडीच्या माराचं दाखवीन. तुम्ही फक्त नाव सांगायचं.