तिळा तिळा दार उघड



अलीबाबाचा भाऊ कासीम गुहेत अडकला तो एक शब्द विसरल्यामुळे. त्याला जव आठवले, इतर धान्यं आठवली, तीळ काही आठवेना. आता शब्द लक्षात ठेवणारा नोकर फुकट मिळतो. त्याला स्क्रिप्ट म्हणतात, म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या पाच-दहा ओळींच्या सूचना. ती रात्री दोन वाजता उठते, पासवर्ड सांगते आणि इंटरनेटवरचं कुलूपबंद पान उघडून आणते. विसरणं तिला ठाऊक नाही. पण कुजबुजणंही ठाऊक नाही.

माझी भाची बुलडाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बियाणं-खतांच्या दुकानाचा हिशेब पाहते. दुकानाची खातेवही इंटरनेटवर, पासवर्डच्या आड. रोजची पानं रात्री आपोआप उतरवून घ्यायची म्हणून तिनं स्क्रिप्ट लिहिली. त्या पानांवर शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर आणि उधारी. सोयाबीन निघेपर्यंत कुणी किती थकवलंय, हे आमच्याकडे सख्ख्या व्याह्यालाही सांगत नाहीत.

तर ही ओळख पटते कशी? स्क्रिप्ट पान मागते. पलीकडचा सर्व्हर म्हणतो, ४०१, म्हणजे आधी ओळख पटव. मग स्क्रिप्ट नाव, अपूर्णविराम आणि पासवर्ड अशी एक ओळ जोडते, ती बेस-६४ नावाच्या लिपीत बदलते आणि मागणीबरोबर पाठवते. दर पानामागे पुन्हा तेच. या रीतीला बेसिक ऑथेंटिकेशन म्हणतात. नियम लिहिणाऱ्यांनी १९९६ साली उदाहरण दिलं ते ‘अलादीन’ हे नाव आणि ‘ओपन सेसमी’ हा पासवर्ड. आता तिळाचा मंत्र अलीबाबाच्या गोष्टीतला, अलादीनकडे तर दिवा होता! २०१५च्या सुधारित नियमातही ही जोडी तशीच राहिली. मला तर ती चूक फार आवडते.

ते उदाहरण बेस-६४मध्ये लिहिलं की अठ्ठावीस चिन्हांची अगम्य ओळ होते, शेवटी दोन बरोबरची चिन्हं. पाहणाऱ्याला वाटतं, केवढं गुपित! पण गुपित काहीच नाही. जुन्या खरेदीखतातली मोडी आपल्याला वाचता येत नाही, म्हणून ती सांकेतिक भाषा होत नाही. जाणणारा घडाघडा वाचतो.

भाचीनं पाहिलं तर खातेवहीचा पत्ता साधा ‘एचटीटीपी’ होता, पुढचा ‘एस’ नव्हता. म्हणजे ती ओळ वाटेत कुणालाही दिसेल अशी उघडी जाणार. तिनं स्क्रिप्ट चालवायला नकार दिला. दुकानमालक म्हणाले, “पासवर्ड हाये न बाई, मंग भेव कायचं?” तिनं वाद घातला नाही. स्क्रिप्ट जी ओळ पाठवणार ती पडद्यावर आणली आणि एका आज्ञेनं उलटी फिरवली. मालकांच्या बैलाचं नाव आणि खरेदीचं साल समोर उभं राहिलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हंजे लोकायची उधारी चव्हाट्यावर?”

आठवड्याभरात खातेवही सांभाळणाऱ्यांनी ‘एस’ लावून दिला. त्यानं नाव, पासवर्ड आणि पानं सगळीच वाटेत खऱ्या अर्थानं कुलूपबंद होतात. साधी रीत या बंद वाटेवरूनच वापरावी. मोठ्या कंपन्यांनी तर ती बऱ्याच ठिकाणी सोडलीच. ट्विटरनं २०१० साली आपल्या प्रोग्रामांसाठी ती बंद केली, मायक्रोसॉफ्टनं २०२२च्या ऑक्टोबरपासून आपल्या ऑनलाइन ईमेल सेवेतून ती काढायला घेतली. तिथं आता पासवर्डाऐवजी मुदतीचा परवाना चालतो, हरवला तर तेवढाच रद्द करता येतो.

उरलं घरातलं. स्क्रिप्टमध्येच पासवर्ड लिहिला, तर ती फाइल ज्याच्या पेनड्राइव्हवर गेली त्याच्या हाती किल्ली गेली. आज्ञेत टाइप केला, तर संगणकाच्या इतिहासात राहतो. भाचीनं तो वेगळ्या फाइलीत ठेवला आणि ती फाइल फक्त स्क्रिप्ट चालवणाऱ्या खात्यालाच वाचता येईल अशी केली. दिवाळीनंतर दुकानातला एक मुलगा काम सोडून गेला, तेव्हा मालकांनी स्वतःहून पासवर्ड बदलला, पण तिला सांगायचं राहिलं. त्या रात्री स्क्रिप्ट जुना शब्द घेऊन गेली आणि ४०१ घेऊन परतली. सकाळी ते कळल्यावर मालक खूश झाले आणि नवा शब्द त्यांनी कागदावर न लिहिता तिला तोंडी सांगितला.