ऐकून घेणे हीही सेवा



शेतकरी कुटुंबांतील नैराश्यावर उपाय म्हणून शासनाने २०१५ साली ‘प्रेरणा प्रकल्प’ योजिला. धाराशिव जिल्ह्यात त्यासाठी आशा स्वयंसेविका घरोघर विचारपूस करीत गेल्या. त्या घरांतील तरुण गावच्या शाळेचेच जुने विद्यार्थी होत. असा तरुण अबोल झाला, त्याची झोप उडाली, तो जगण्यास विटला, तर शिक्षकाने आपण होऊन त्याची भेट घ्यावी. उपदेश करू नये; ऐकून घ्यावे. मरणाचा विचार मनात येतो काय, हे सरळ विचारावे; विचारल्याने तो बळावत नाही. उपचार हे मात्र शिक्षकाचे कार्य नव्हे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या विनामूल्य, अहोरात्र चालणाऱ्या दूरध्वनीशी अथवा शासकीय रुग्णालयाशी त्याची गाठ घालून द्यावी, आणि तोवर त्यास एकटे सोडू नये.