रजोनिवृत्तीच्या काळातील नैराश्य : समज, उपचार आणि कुटुंबाची जबाबदारी

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी घर सोडून मोठ्या शहरात राहणाऱ्या तरुण-तरुणींचे वय साधारणतः २१ ते २८ वर्षे असते. त्यांच्या मातांचे वय त्या वेळी बहुधा ४५ ते ५५च्या दरम्यान येते. घरी फोन केल्यावर आई पूर्वीसारखी मोकळी बोलत नाही. झोप लागत नाही, कशात मन लागत नाही, अशी तक्रार ओझरती येते आणि लगेच "काही नाही रे, वय झालं" असे म्हणून ती विषय बदलते. मुलाच्या अभ्यासात व्यत्यय येऊ नये, हा तिचा हेतू असतो. परंतु "वय झालं" या दोन शब्दांत एक नैसर्गिक अवस्था आणि एक उपचारसाध्य आजार यांची गल्लत झालेली असते. रजोनिवृत्ती हा आजार नव्हे, नैराश्य हा आजार आहे. पहिल्या गोष्टीच्या आड दुसरी लपून राहते आणि स्त्री उपचारांपासून वंचित राहते. प्रस्तुत विषयाचे मर्म हेच आहे.

रजोनिवृत्ती म्हणजे काय?

सलग १२ महिने मासिक पाळी आली नाही आणि त्यामागे गर्भधारणा, औषध अथवा अन्य आजार यांसारखे कारण नसेल, तर रजोनिवृत्ती झाली असे मानले जाते. जगभरात ती बहुतांश स्त्रियांमध्ये ४५ ते ५५ या वयात होते. भारतीय स्त्रियांत तिचे सरासरी वय सुमारे ४६ ते ४७ वर्षे आढळते. पाश्चात्त्य देशांत ते ५१च्या आसपास आहे. चाळिशीपूर्वी पाळी थांबल्यास तिला अकाली रजोनिवृत्ती म्हणतात.

ही घटना एका दिवसात घडत नाही. पाळी कायमची थांबण्यापूर्वी काही वर्षे ती अनियमित होऊ लागते. या संक्रमणकाळात स्त्रीबीजकोशातून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रमाणात मोठे चढउतार होतात. अंगातून एकाएकी गरम वाफा निघणे, रात्री घाम येऊन जाग येणे, छातीत धडधडणे, चिडचिड, विसराळूपणा ही लक्षणे याच काळात जाणवतात. सर्वच स्त्रियांना त्यांचा त्रास होतो असे नाही. अनेक जणी हा टप्पा सहज ओलांडतात.

मन का खचते?

इस्ट्रोजेनचा संबंध केवळ प्रजननाशी नाही. मनःस्थिती, झोप आणि शरीराचे तापमान यांच्या नियमनात भाग घेणाऱ्या सेरोटोनिनसारख्या मेंदूतील रसायनांवरही त्याचा परिणाम होतो. त्यामुळे त्याची पातळी सतत वरखाली होत असताना काही स्त्रियांच्या मनाचा तोल ढळतो. रात्री वारंवार घाम येऊन झोपमोड झाली की दिवसाचा थकवा वाढतो आणि थकव्यातून उदासी बळावते. नैराश्याचा धोका या संक्रमणकाळात आणि त्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत अधिक असतो. ज्या स्त्रीला पूर्वी, विशेषतः बाळंतपणानंतर, नैराश्य येऊन गेले आहे, तिच्याबाबत अधिक दक्षता घ्यावी लागते.

येथे एका ऐतिहासिक चुकीचा उल्लेख करावयास हवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी उतारवयातील विषण्णतेचे स्वतंत्र आजार म्हणून वर्णन केले. पुढे अनेक दशके रजोनिवृत्ती व विषण्णता यांची सांगड घातली गेली. मात्र हा वेगळा आजार असल्याचा पुरावा न मिळाल्याने अमेरिकी मानसोपचार संघटनेने १९८०च्या निदानपुस्तिकेतून ही संज्ञा वगळली. तात्पर्य असे की, या वयातील नैराश्य हे अन्य वयातील नैराश्यासारखेच असते आणि त्यासारखेच बरे होते.

समाजाचा वाटा

संप्रेरके हे अर्धे कारण झाले. याच वयात मुले शिक्षण-नोकरीसाठी दूर जातात, सासू-सासऱ्यांचे आजारपण वाढते आणि स्वतःच्या प्रकृतीच्या तक्रारी सुरू होतात. शेती, मजुरी किंवा नोकरी करून घर सांभाळणाऱ्या स्त्रीला विश्रांती मिळत नाही. घरात हिंसाचार, व्यसन वा कर्ज असेल तर भार दुणावतो.

याउलट, समाज या अवस्थेकडे कसे पाहतो यावरही स्त्रीचा अनुभव अवलंबून असतो. मानववंशशास्त्रज्ञ मार्शा फ्लिंट यांनी राजस्थान व हिमाचल प्रदेशातील राजपूत स्त्रियांचा अभ्यास करून १९७५ मध्ये असे नोंदविले की, पाळी थांबल्यानंतर पडद्याची बंधने सैल होऊन त्यांचा मान वाढत असे आणि त्यांच्या तक्रारी अत्यल्प होत्या. यावरून भारतीय स्त्रियांना त्रासच होत नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तथापि सन्मान आणि मोकळीक यांचे मनःस्वास्थ्याशी असलेले नाते त्यातून स्पष्ट होते.

शस्त्रक्रियेने लादलेली रजोनिवृत्ती

शस्त्रक्रियेत दोन्ही स्त्रीबीजकोश काढल्यास इस्ट्रोजेनचा पुरवठा एकदम थांबतो. शरीराला जुळवून घेण्यास अवधी मिळत नाही आणि लक्षणे तीव्र होतात. केवळ गर्भाशय काढल्यास पाळी थांबते, संप्रेरके लगेच थांबत नाहीत, तरी रजोनिवृत्ती लवकर येण्याचा संभव असतो.

हा प्रश्न भारतात विशेष गंभीर आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ३ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. आंध्र प्रदेश व तेलंगणात हे प्रमाण याहून बरेच अधिक होते. महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये चव्हाट्यावर आला. राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. ऊसतोडीच्या हंगामात खाडा झाल्यास मजुरी बुडते व दंड भरावा लागतो, म्हणून पाळीचा त्रासच नको, हा विचार त्यामागील एक कारण होते. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना अमलात आणण्याचे निर्देश राज्यांना दिले. अशा स्त्रियांच्या मनावर होणारा परिणाम मात्र अद्याप चर्चेच्या परिघाबाहेरच आहे.

आजार कसा ओळखावा?

उदास वाटणे आणि नैराश्य यांत फरक आहे. दिवसातील बराच काळ, जवळजवळ दररोज आणि किमान दोन आठवडे मन खिन्न राहणे किंवा कशातच रस न वाटणे ही दोन प्रमुख लक्षणे होत. त्यांच्या जोडीला झोप व भूक यांत बदल, सतत थकवा, हालचाली मंदावणे किंवा अस्वस्थता, एकाग्रता न होणे, स्वतःला निरुपयोगी वा अपराधी समजणे आणि मरणाचे विचार येणे ही लक्षणे असतात. एकूण नऊपैकी पाच लक्षणे असतील, त्यांत पहिल्या दोहोंपैकी एक असेल आणि दैनंदिन कामकाज कोलमडले असेल, तर नैराश्याचे निदान केले जाते.

भारतीय स्त्रिया "मन खचले आहे" असे क्वचितच सांगतात. डोके जड होणे, अंग दुखणे, हातापायांची आग, अशक्तपणा अशा शारीरिक तक्रारी घेऊन त्या दवाखान्यात जातात. थायरॉईडचा विकार, रक्तक्षय आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात. उपरोक्त पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, हे लक्षात घेता रक्ततपासणी आवश्यक ठरते. अर्थात हिमोग्लोबिन कमी आढळले म्हणजे मनाची विचारपूस संपली, असे समजू नये. दोन्ही गोष्टी एकत्र असू शकतात.

उपचार

सौम्य नैराश्यात समुपदेशन व विचार-वर्तन उपचार उपयुक्त ठरतात. मध्यम व तीव्र नैराश्यात नैराश्यरोधक औषधांची जोड द्यावी लागते. या औषधांचा परिणाम दिसण्यास दोन ते चार आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. त्यांचे व्यसन लागते हा गैरसमज आहे, मात्र ती एकाएकी थांबवू नयेत. बरे वाटू लागल्यानंतरही किमान सहा महिने उपचार सुरू ठेवण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो. यांपैकी काही औषधांनी गरम वाफांचा त्रासही कमी होतो.

संप्रेरक उपचार हा स्वतंत्र प्रश्न आहे. २००२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीतील इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन गट स्तनाचा कर्करोग व हृदयविकार यांच्या वाढलेल्या धोक्यामुळे थांबविण्यात आला आणि जगभर या उपचारांची धास्ती बसली. पुढील विश्लेषणातून असे दिसले की, साठीच्या आतील किंवा रजोनिवृत्तीला दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रियांना त्रास अधिक असेल तर लाभ सहसा धोक्यापेक्षा जास्त असतो. स्तनाचा कर्करोग किंवा रक्तवाहिनीत गुठळी होऊन गेली असल्यास ते टाळले जातात. हे उपचार नैराश्यावरील उपचारांना पर्याय नव्हेत. स्त्रीरोगतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच ते घ्यावेत.

नियमित चालणे, ठरावीक वेळी झोप, योगासने, समतोल आहार, तंबाखू व मिश्री सोडणे यांचा निश्चित उपयोग होतो. तथापि तीव्र नैराश्यात "जरा फिरून ये, बरं वाटेल" एवढ्यावर भागत नाही. उठून बाहेर पडण्याची उमेदच या आजाराने हिरावलेली असते.

धोरण आणि यंत्रणा

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार दर वीस प्रौढांमागे सुमारे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्य येते. विविध मानसिक आजारांतील ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नाहीत, असेही त्यात दिसून आले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये, तर कर्नाटकातील बळ्ळारी येथील प्रयोगाच्या धर्तीवर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने शासकीय निधीतून चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला दिला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत अहोरात्र उपलब्ध आहे.

मनुष्यबळाच्या तुटवड्यावर मार्ग निघू शकतो, हे गोव्याने दाखवून दिले. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना मोजक्या भेटींत मदत केली. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांतील ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. अशी मदत न मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

तरीही धोरणातील एक उणीव विद्यार्थ्यांनी हेरावी. स्त्री-आरोग्याच्या योजना प्रामुख्याने गर्भारपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांभोवती फिरतात. कुटुंब आरोग्य पाहणीतही स्त्रियांची वयोमर्यादा ४९ वर्षे आहे. पाळी थांबल्यानंतरची दोन-तीन दशके स्त्री आकडेवारीतून जवळपास अदृश्य होते. ४५ वर्षांवरील व्यक्तींची पाहणी करणाऱ्या 'लासी' या अभ्यासाने (२०१७-१८) ही पोकळी काही अंशी भरून काढली आहे. आशा कार्यकर्तीच्या तपासणी अर्जातही मनःस्थितीविषयीचे दोन प्रश्न समाविष्ट आहेत. ते प्रश्न घाईने न उरकता आपुलकीने विचारले जाणे महत्त्वाचे.

कुटुंबाने काय करावे?

प्रथम, ऐकावे. "तुला काय कमी आहे?" हा प्रश्न दुखावणारा आहे. "गेले काही दिवस तू गप्प वाटतेस, झोप लागते का?" हा प्रश्न दार उघडणारा आहे. दुसरे, घरकामाची वाटणी करावी आणि पतीलाही या बदलांची माहिती द्यावी. तिसरे, दवाखान्यात सोबत जावे, कारण एकटी स्त्री आपली तक्रार अर्धीच सांगते. चौथे, जगण्याचा कंटाळा आल्याचे उद्गार आल्यास ते कधीही हसण्यावारी नेऊ नयेत. तिला एकटे न ठेवता त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी.

उद्या प्रशासनात जाणाऱ्या तरुणांच्या हाती जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेची सूत्रे येतील. तेव्हा पंचेचाळिशीपुढील स्त्रीसाठी आरोग्य केंद्रात काय सोय आहे, हा प्रश्न त्यांनी आढावा बैठकीत विचारावा. त्यासाठी परीक्षेच्या निकालापर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. आज रात्री घरी फोन लागेल, तेव्हा "वय झालं" हे उत्तर ऐकून विषय बदलू न देणे, एवढे प्रत्येकाला करता येण्याजोगे आहे.