धातूंची मळी

कोल्हापूरकडील गुऱ्हाळ आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. रस उकळूं लागला कीं गुळव्या त्यांत भेंडीचें पाणी घालतो आणि सारी घाण मळीच्या रूपानें वर येते. तांब्याच्या भट्टींतहि असेंच कांहींसें घडतें; तेथें भेंडीचें काम वाळू करते.

तांब्याच्या नेहमींच्या खनिजांत लोखंड आणि गंधकहि असतें. लोखंडाला प्राणवायूची ओढ तांब्याहून अधिक. म्हणून भट्टींत तें आधीं जळतें आणि वाळूंतील सिलिकेशीं संयोग पावून सुमारें १२०० अंश सेंटिग्रेडला रसरूप होतें. हीच मळी. तांबें गंधकाला धरून राहतें. तो रस जड म्हणून तळाशीं बसतो, मळी वर तरंगते. वाळू फार झाली तर मळी चिकट होते आणि तिच्यांत तांब्याचे थेंब अडकतात. एक टन तांब्यामागें साधारणतः दोन टनांहून अधिक मळी निघते. तेव्हां तिच्यांतील शेंकडा एक भाग तांबेंहि कारखानदाराच्या डोळ्यांत सलतें. म्हणून पुष्कळ ठिकाणीं निवालेली मळी दळून तें पुन्हा वेंचून घेतात.

सावकाश निवालेली मळी दगडासारखी कठीण होते. जर्मनींत मान्सफेल्ड येथें तिचे चिरे ओतून रस्त्यांना वापरीत. इंग्लंडांत ब्रिस्टल येथें विल्यम रीव्ह या तांबें गाळणाऱ्या गृहस्थानें अठराव्या शतकांत काळ्या मळीच्या ठोकळ्यांची किल्ल्यासारखी इमारत उभारली, आणि तीहि मुख्यतः घोड्यांच्या पागेसाठीं! ती अजून उभी आहे.

हाच रस पाण्यांत एकदम ओतला तर कांचेसारखे धारदार दाणे बनतात. हवेच्या झोतानें ते मारून जहाजांचा गंज काढतात. पूर्वीं याला वाळू वापरीत. तिच्या धुळीनें कामकऱ्यांचीं फुप्फुसें निकामी होत. मळींतील सिलिका बहुतेक लोखंडाशीं बांधलेली असल्यानें तो धोका पुष्कळ कमी होतो. मुखवटा मात्र सुटत नाहीं.

शिशाच्या मळीची गोष्ट निराळी. तिच्या रसांत कोळशाची पूड फुंकली म्हणजे जस्त वाफ होऊन निघतें व त्याची पांढरी भुकटी हातीं येते. हा उपयोग उत्तमच. परंतु मागें राहणारें शिसें घातक. झांबियांतील काब्वे येथील खाण व भट्टी १९९४ सालीं बंद झाली, तरी तेथील टाकाऊ ढिगांच्या धुळींतून शिसें आजहि मुलांच्या रक्तांत जातें. अशी मळी अंगणांत किंवा खेळाच्या मैदानांत भरावयाची असें कोणी म्हणेल, तर ती आम्ल पाण्यांत भिजवून शिसें किती सुटतें हें आधीं प्रयोगशाळेंत पाहवून घ्यावें.