पितळी मायक्रोस्कोप: शोकेसमध्ये ठेवायचा की डोळ्याला लावायचा?

आजचा विषय आहे पितळी मायक्रोस्कोप. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, विद्यार्थ्यांसाठी बनवलेला. आमच्या घरात असा एक आहे. "याचा टेबललॅम्प मस्त होईल," असं येणारा प्रत्येक पाहुणा सांगतो. मी नाही म्हणतो. का, ते ऐका.

मागच्या महिन्यात तो मी काशीदला नेला. किनाऱ्यावरच्या ओल्या खडकावरचा तपकिरी, बुळबुळीत थर थोडा खरवडला, पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर ठेवला आणि सुरूच्या सावलीत बसलो. याला ना बॅटरी लागते ना चार्जर. खाली गोल आरसा असतो, तो उजळ आकाशाकडे वळवायचा. सूर्याकडे कधीच नाही हं, डोळा जाईल! नळी हळूहळू वरखाली केली आणि दिसले डायटम. हे एकपेशीय शैवाल, काचेसारख्या सिलिकाच्या कवचातलं. त्या कवचांवर फार बारीक रेघा असतात. भिंग किती चांगलं, हे त्या काळी याच रेघा पाहून ठरवायचे.

आणखी एक गंमत. भिंग ज्या आट्यांवर बसतं, त्यांचं माप लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीने १८५८ मध्ये ठरवलं. आजही कितीतरी मायक्रोस्कोपना तेच माप असतं.

पण मला खरी भिडते ती मुंबईची गोष्ट. १८७७. दुष्काळ पडलेला, गावाकडची उपाशी माणसं मुंबईत येत होती. त्यांच्यात तापाची साथ आली. ताप उतरायचा, काही दिवसांनी पुन्हा चढायचा. डॉ. हेन्री व्हॅन्डाईक कार्टर यांनी रुग्णांचं रक्त मायक्रोस्कोपखाली पाहिलं. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'ची चित्रं काढणारे तेच हे कार्टर. रक्तात त्यांना स्प्रिंगसारखे वळणदार जंतू सापडले.

पण ते पसरतात कसे? त्याचा धागा १९०७ मध्ये नाशिकला मिळाला. तिथल्या मिशनच्या वसतिगृहात साथ आली, तेव्हा डॉ. मॅकी यांना दिसलं, की मुलींपेक्षा मुलं जास्त आजारी आहेत आणि मुलांच्या कपड्यांत उवाही जास्त आहेत. उवा तपासल्या, तर आत तेच वळणदार जंतू! 'दुष्काळी ताप' भुकेतून उगवत नव्हता, तो अंगावरच्या उवांमधून पसरत होता. म्हणजे कपडे उकळले तरी जीव वाचू शकत होते. हे कळलं ते भिंगातून पाहिल्यामुळे.

तुमच्याकडे असा मायक्रोस्कोप असेल तर दोन गोष्टी सांभाळा. चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका, पितळेवरचा जुना सोनेरी लॅकर निघून जातो. आणि पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, नाहीतर कोकणच्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते.

बाकी काय, लॅम्प बाजारात ढीगभर मिळतात. आधी त्यातून एकदा बघा तर खरं! भेटू पुढच्या भागात.