दुर्मिळ आशेचा भाव



घोड्यांच्या शर्यतीचा आणि मानसशास्त्राचा संबंध काय, असा प्रश्न आपणांपैकी काहींना पडला असेल. परंतु माणूस आशेचे मोल कसे ठरवतो, हे शर्यतीच्या मैदानावर अगदी आकड्यांनिशी दिसते.

'एकास शंभर' हा भाव न्याय्य असेल, तर तो घोडा १०१ शर्यतींत एकदा जिंकावयास हवा. अमेरिकेत स्नोबर्ग आणि वुल्फर्स या अर्थशास्त्रज्ञांनी १९९२ ते २००१ या काळातील साठ लाखांहून अधिक नोंदी तपासून २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. एकास शंभर किंवा त्याहून मोठा भाव असलेल्या घोड्यांवर लावलेल्या रकमेपैकी सुमारे ६१ टक्के बुडते. सर्वाधिक पसंतीच्या घोड्यांवर मात्र साडेपाच टक्केच. हिशेब केला, तर शंभराच्या भावाचा घोडा अडीचशेहून अधिक शर्यतींत जेमतेम एकदा जिंकतो. हा कल ग्रिफिथ या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्येच दाखवून दिला होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अमेरिकेतील टोट पद्धतीत भाव बुकी ठरवत नाही. लोकांनी लावलेल्या पैशांतून कमिशन वजा जाऊन उरलेली रक्कम विजेत्यांत वाटली जाते. तेव्हा हा दोष लावणाऱ्यांच्याच मनाचा. अत्यल्प शक्यतेला मन वाजवीपेक्षा अधिक वजन देते, हे कानमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले.

इंग्लंडात भाव बुकी ठरवतो, आणि तेथेही हाच कल आढळतो. बुकी गिऱ्हाइकाचे मन ओळखतो, हे एक कारण. दुसरे कारण १९९० च्या दशकारंभी ह्युन साँग शिन यांनी मांडले. तबेल्यातील आतली बातमी कुणाला ठाऊक असेल, या धास्तीने बुकी दुबळ्या घोड्याचा भाव आखडता ठेवतो. एकाची भोळी आशा आणि दुसऱ्याची सावध भीती अशा रीतीने एकाच दिशेला ओढतात, आणि दोहोंची किंमत आशा बाळगणाराच मोजतो.

तथापि हा कल अटळ नव्हे. हाँगकाँगच्या शर्यतींचा बुश आणि हॉल यांनी अभ्यास केला, तेव्हा १९८८ च्या त्यांच्या लेखानुसार तो तेथे आढळला नाही. आशा बाळगणे हा दोष नाही. मात्र ती जितकी दुर्मिळ, तितकी महाग विकली जाते. सोडतीचे तिकीट असो वा झटपट श्रीमंतीची योजना, भाव विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी, एवढीच विनंती.