टॅबलेट धरणारा हात

(कर्मचारी आरोग्य सप्ताहानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासकांनी केलेले भाषण)



‘टॅबलेट’ म्हटले की रुग्णालयात प्रथम गोळीच आठवते. आज मी हातात धरावयाच्या संगणकाविषयी बोलणार आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तथापि एक देणे माझ्या नावे बाकी आहे, ते आज सर्वांसमक्ष फेडावयाचे आहे.

वॉर्डातील नोंदी कागदावरून टॅबलेटवर आल्या, तेव्हा एका ज्येष्ठ परिचारिका भगिनींच्या नोंदी मागे पडू लागल्या. नवे तंत्र शिकण्याची त्यांची इच्छा नाही, असा ग्रह करून घेऊन मी त्यांना लेखी समज दिली. पुढे भौतिकोपचार विभागात त्यांचा हात तपासला गेला. अंगठ्याकडून मनगटात येणाऱ्या कंडरांच्या आवरणाला सूज होती. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द कर्व्हेन यांनी १८९५ मध्ये वर्णन केलेला हा विकार. डाव्या हाताच्या चिमटीत टॅबलेट धरून त्या पाळीभर उभ्या राहत होत्या.

अर्धा किलोचे वजन ते काय, असे आपणास वाटेल. परंतु स्नायू एकाच स्थितीत आवळलेला राहिला की त्याचा रक्तपुरवठा मंदावतो आणि तो लवकर थकतो. मानेचेही तसेच. प्रौढ माणसाचे डोके सुमारे पाच किलोचे. अमेरिकेतील डॉ. केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकीय प्रतिमानावरून मांडलेल्या हिशेबानुसार, मान ६० अंश वाकली की मानेच्या कण्यावरील भार सुमारे २७ किलोपर्यंत जातो. हार्वर्डमधील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, टॅबलेट मांडीवर असताना मान अधिक वाकते आणि टेबलावर उभट ठेवला असता ती बरीच सरळ राहते, असे आढळले.

खरेदीच्या वेळी मी यंत्रांची किंमत धरली; स्टँडचा खर्च अनावश्यक म्हणून वगळला. ती बचत त्या भगिनींच्या मनगटातून वसूल झाली.

आता प्रत्येक वॉर्डात चाकांच्या ट्रॉलीवर तिरका स्टँड बसविला आहे. हातात धरावाच लागला, तर मागच्या पट्ट्यात तळवा घालून, शरीराजवळ आणि हात बदलत धरावा. दीर्घ नोंद टेबलावर, स्वतंत्र कळफलकावर करावी. अधूनमधून खांदे सैल सोडावेत, दृष्टी दूर न्यावी. मुंग्या, बधिरता वा वेदना जाणवल्यास अंगावर न काढता तत्काळ कळवावे. अशी तक्रार कामचुकारपणा मानली जाणार नाही, हे प्रशासनाचे वचन आहे.

समज दिल्याचे ते पत्र मी मागे घेतले आहे. त्या भगिनी आज या सभागृहात आहेत. मी त्यांची मनःपूर्वक क्षमा मागतो.